हत्तीकानाचं पाणी

२ मार्च

रोपवाटिकेत हिने आज असा प्रश्न विचारला की माळी हातातली झारी खाली ठेवून बघत राहिला. लोक विचारतात, फुलं कशाला जास्त येतात, ऊन कशाला सोसतं. हिने विचारलं, "तुमच्याकडे सगळ्यात जास्त पाणी कुठलं झाड पितं?"

"पितात सगळीच," माळी म्हणाला. "पण हावरट म्हणाल तर हा." त्याने आम्हाला जाळीच्या छपराखाली मागच्या कोपऱ्यात नेलं. "हत्तीकान म्हणतो आम्ही. अळूचाच थोरला भाऊ. पान वाढलं की त्याखाली माणूस बसेल. सावली द्या, पाय ओले ठेवा, बाकी काही मागत नाही. पाजाल तितकं कमी."

"हाच द्या," ही म्हणाली. पान वर उचलून बघितलंसुद्धा नाही.

कमी पाण्याची, कमी कटकटीची चार झाडं मी दाखवली. उपयोग झाला नाही. आजारी बायकोचा हट्ट म्हणून आणलं. पण माझ्या घरात आलं आहे तर नीट वाढेल. म्हणून ही वही. हिच्या वजनाचा तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे, तो तिथेच राहील. इथे फक्त झाडाचं लिहायचं.

५ मार्च

आज लावलं. जागा मागच्या दाराबाहेरच्या बोळात. आमची भिंत आणि शेजाऱ्यांची उंच भिंत यांच्यामध्ये जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढी पट्टी आहे. ऊन कधीच येत नाही, शेवाळ मात्र न बोलावता येतं. याला हवी तशीच जागा.

लावण्याआधी वाचनालयातून तीन पुस्तकं आणून वाचली. तिघांचं एकमेकांशी पटत नाही. एक म्हणतं चिकण माती, दुसरं म्हणतं पानांचं कुजलेलं खत, तिसरं म्हणतं दोन्ही नको. मी माझ्या अकलेने ठरवलं. वजनकाटे दुरुस्त करायलाही मला कुणी शिकवलं नव्हतं. पहिला काटा उघडला तेव्हा परत जुळवायला आठवडा लागला होता, पण जुळवला तो आजही त्या धान्याच्या दुकानात चालू आहे.

खड्डा मांडीइतका खोल. तळाला जाड प्लास्टिक, त्याला खिळ्याने भोकं, म्हणजे पाणी थांबेलही आणि सडणारही नाही. वर माती आणि खत निम्मं निम्मं. माती दाबून झाल्यावर पाणसळ ठेवून पाहिली.

ही दारात खुर्ची टाकून बसली होती. "झाड लावताय की काटा बसवताय?"

"सपाट नसेल तर पाणी एकाच अंगाला जातं."

"जाऊ दे की. तेवढंच त्याला फिरायला मिळेल."

एक गोष्ट हिला बजावून सांगितली. याचं पान किंवा देठ मोडला की चीक येतो. तो ओठाजिभेला लागला तर बारीक सुया टोचल्यासारखं होतं, सूज येते. हात लावलास तर हात धू. "आणि नळाची मूठ कुणाच्या खिशात आहे?" असं म्हणून हसली.

११ मार्च

झाडाच्या वहीत हे येणार नव्हतं. पण नळाच्या मुठीचं लिहून बसलो आहे, तर तेही लिहून टाकतो.

हिची मूत्रपिंडं गेल्या वर्षीपासून काम करत नाहीत. आठवड्यातून तीनदा रुग्णालयात यंत्रावर रक्त धुवून घ्यावं लागतं. दोन फेऱ्यांच्या मध्ये प्यायलेलं पाणी बाहेर जायला वाट नाही. ते अंगात साठतं. आधी पायावर, मग छातीत. म्हणून दिवसाला पाऊण लिटर, गोळ्यांबरोबरचं आणि जेवणातलं पातळ धरून. जास्त झालं तर काय होतं ते मागच्या थंडीत एकदा पाहिलं. बुडालेल्या माणसाला उचलावं तसं तिला उचलून नेलं होतं. श्वास घेताना बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. तो आवाज मला पुन्हा ऐकायचा नाही.

म्हणून हे काम मी स्वतःकडे घेतलं. तिच्या पेल्यावर ब्लेडने खुणा केल्या. पाण्याचं पिंप स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीतल्या माझ्या काट्यांच्या दुकानात हलवलं. मोरीच्या नळाची मूठ काढून माझ्याकडे ठेवली. तिला लागेल तेव्हा मी उघडून देतो, आणि जवळ थांबतो. रोज सकाळी वजन, माझ्या हाताने जुळवलेल्या काट्यावर. तक्त्यात लिहितो, खाली सही करतो.

"लोकांचे नवरे तिजोरीची किल्ली खिशात घालून फिरतात," ही रुग्णालयातल्या सिस्टरना सांगत होती. "आमचे नळ घालून फिरतात."

सिस्टर म्हणाल्या, "आमच्याकडे इतक्या लोकांत असा हिशेब कुणाचा नाही हो, काटेवाले." मला तिथे काटेवालेच म्हणतात.

२४ मार्च

पहिलं मोठं पान उघडलं. इतके दिवस छत्री गुंडाळून ठेवल्यासारखं उभं होतं, सकाळी पाहतो तर सुपाएवढं. आणि टोकाला थेंब. टपकला की दुसरा भरायचा. जमिनीवर खालच्या दगडाला ओला ठिपका पडला होता.

दव नाही ते. पुस्तकात आहे. माती भरपूर ओली असली आणि हवा गार असली की मुळं पाणी वर ढकलत राहतात. झाडाला लागतं त्याहून जास्त झालं की ते पानाच्या टोकातून बाहेर सोडून देतं. मुळं धडधाकट असल्याची ती खूण. हे सगळं मी हिला समजावून सांगितलं.

"म्हणजे त्याला नको असलेलं पाणी," ही म्हणाली.

"जास्तीचं. हो."

ती बराच वेळ बघत होती. "झाडं बरी," एवढंच म्हणाली.

३० मार्च

ही म्हणते, झाडाला पाणी मी घालीन. दिवसभर बसून अंग आंबतं, एवढं तरी काम असू द्या. चांगली कल्पना आहे. डाव्या हातावर सुयांसाठी शीर जोडलेली असल्याने त्या हाताने तिला जड उचलता येत नाही. म्हणून मी बादली भरून बोळात ठेवीन, ती मगाने घालील. कुठे किती घालायचं ते दाखवलं: बुंध्यावर नाही, बाजूने गोल, सावकाश.

"सावकाशच घालते," ती म्हणाली. "मला कुठे जायचंय?"

तासभर बाहेर होती. परत आली तेव्हा चेहऱ्यावर तरतरी होती. झाडाने तिला गुण दिला असं म्हणायला हरकत नाही.

९ एप्रिल

आज अपमान झाला. लिहून ठेवतो.

गेले काही दिवस हिचं वजन दोन फेऱ्यांमध्ये फार वाढतं आहे. किलोभर वाढावं, तिथे दोनच्या पुढे. पाणी मी देतो तेवढंच. मीठ मी स्वतः वगळतो. घरचा काटा प्रमाण वजनं ठेवून तपासला, केसाइतका फरक नाही. राहिला रुग्णालयाचा काटा. म्हणून आज पितळी वजनांची पेटी घेऊनच गेलो आणि तिथल्या काट्यावर एकेक करून ठेवली. चाळीस ग्रॅम कमी दाखवतो. म्हणजे तसा ठीकच.

"सुटला का आमचा काटा निर्दोष?" सिस्टरनी विचारलं.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. माझी वजनं बघून हसल्या नाहीत, ते त्यांचं चांगलं. म्हणाल्या, "काका, वजन म्हणजे इथे पाणीच. कुठूनतरी जातंय."

"माझ्या घरात नाही."

"काकू, तुम्ही काही पिता का अधूनमधून?"

ही खिडकीबाहेर बघत होती. "हे मोजून देतात ना," म्हणाली.

अगदी बरोबर उत्तर दिलं. तरी बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच लबाडीचा काटा वापरणारा दुकानदार. घरी येऊन भाज्यांमध्ये किती पाणी असतं त्याचा अभ्यास सुरू केला. काकडी बंद. टोमॅटो बंद.

१३ एप्रिल

हिचा खालचा ओठ लाल होऊन सुजला आहे, जीभ चुरचुरते म्हणते. नवी गोळी सुरू केली आहे तिचाच हा प्रताप असणार. फोन करून गोळी बदलून घेतली.

झाडाला चौथं पान. रंग चांगला.

१७ एप्रिल

काहीतरी बिघडलं आहे. पानांच्या टोकांना सकाळी थेंब येत नाहीत.

आधी वाटलं पाणी कमी पडतंय. बोट खुपसून पाहिलं, माती खालपर्यंत ओली. हवा गारच आहे. पानं वरून टवटवीत. पण टोकं पुसल्यासारखी कोरडी. खालचा दगड कोरडा. एका पानाची कडा टोकाजवळ किंचित चुरगळली आहे, गोगलगायीने कुरतडलं असावं.

ही माझ्या आधी उठते आणि दार उघडून बाहेर बसते, म्हणून तिला विचारलं, थेंब दिसतात का? म्हणाली, "मी उठते तेव्हा असतात."

म्हणजे येतात आणि मी उठेपर्यंत नाहीसे होतात. सावलीत, वारा नसताना वाळतात कसे? याचा एकच अर्थ: मुळांचा जोर कमी झालाय, एखादा थेंब येतो आणि थांबतो. मूळकुजीची सुरुवात अशीच होते, तिन्ही पुस्तकांचं निदान एवढ्या एका बाबतीत पटतं.

२० एप्रिल

हिची थोरली बहीण आली आहे, राहायला. शिवणकाम करतात, जीभ कात्रीपेक्षा धारदार. आल्या आल्या नळाकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, याचं मुंडकं कुठे गेलं?"

समजावून सांगितलं. तक्ता दाखवला. त्यांनी सगळा तक्ता वरून खाली वाचला. "सही पण करता?"

"नोंद म्हटली की सही हवी."

"तिचीही घ्यायची मग. वजन तिचं आहे."

दुपारी झाडाची पाहणी करत होतो, कडा, देठ, मातीचा वास. त्या पाठीमागे उभ्या राहून बघत होत्या. "झाडाला किती मायेने विचारता हो, काय होतंय म्हणून. तिला विचारलंत का कधी?"

"रोज विचारतो. पायावर सूज आहे का, धाप लागते का."

"हो," त्या म्हणाल्या, "तेही विचारायला हवंच."

२२ एप्रिल

सकाळी उठलो तर ताई मागच्या दाराच्या आतल्या बाजूला भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाहेर गेल्या नव्हत्या. डोळे लाल. विचारलं तर म्हणाल्या झोप लागली नाही, नवी जागा. नंतर चहाच्या वेळी एकाएकी म्हणाल्या, "ते झाड उत्तम आहे, भाऊजी. त्याला हात लावू नका."

"ताई, तुम्ही कपड्यातलं सांगा, मी ऐकीन."

मूळकूज थांबायला वेळ देत नाही. जेवण झाल्यावर कुदळ घेतली. चहूबाजूंनी लांबून खणत आलो, गड्डा अखंड उचलला, बादलीत धुऊन पाहिला. मुळं पांढरी, जाड, ताणलेल्या सुतळीसारखी. एकही काळं नाही. वासही स्वच्छ.

मग थेंब का येत नाहीत? उत्तर मिळालं नाही याचा राग आला. आता उचललंच आहे तर पुन्हा त्या बोळात लावण्यात अर्थ नव्हता. जागेतच काही दोष असणार. दुकानाच्या तोंडाशी, पत्र्याच्या सावलीत मोठी रिकामी कुंडी होती, तिच्यात लावलं. आता माझ्या डोळ्यांसमोर राहील आणि पाणीही मीच घालीन.

ही मागच्या दाराची चौकट धरून सगळा वेळ उभी होती. "अहो, ते तिथे बरं होतं," असं एकदा म्हणाली. मी खड्डा बुजवला तेव्हा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. संध्याकाळी जेवली नाही. झाडासाठी एवढं काय? मीही त्याच्यावर मेहनत घेतलीच आहे की.

ताई माझ्याशी बोलत नाहीत.

२९ एप्रिल

वजन एकदम जागेवर आलं. दोन फेऱ्यांमध्ये किलोच्या आत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, काय केलंत?" मी म्हटलं, काकडी बंद केली.

झाडाची जुनी पानं सगळी मान टाकून पडली, पिवळी झाली. कापून टाकली. मधला एक कोंब हिरवा आहे.

ही फारशी बोलत नाही. चेष्टा करत नाही. पेल्यातलं पाणी एका घोटात संपवते आणि पेला पालथा घालते. आधी पुरवून पुरवून प्यायची.

६ मे

आज हिने पायात चपला घातल्या नाहीत. रिक्षा दारात उभी, मी फाइल घेऊन तयार. पलंगावर बसून होती. म्हणाली, "मला नको आता."

"काय नको?"

"यंत्र नको. जाणं नको. बस झालं."

मी तक्ता भिंतीवरून काढून आणला. गेल्या दोन आठवड्यांतले आकडे तिच्यासमोर धरले. इतके चांगले आकडे वर्षभरात नव्हते, आता सोडून द्यायचं? तिने आकड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. मला, नवऱ्याला, हात जोडले.

ताईंनी माझा दंड धरून मला दुकानात नेलं आणि शटर अर्धं ओढलं.

"थेंब कुठे जायचे, कळलं का तुम्हाला?"

मी म्हटलं, मुळं तर चांगली होती.

"मुळं. अहो, ती प्यायची ते. सकाळी उठून पानाच्या टोकाखाली तोंड धरून बसायची. लहान पोर नळाखाली धरतं तसं. एक पान झालं की दुसरं. मी डोळ्यांनी पाहिलं. पन्नाशीची बाई, भाऊजी. माझी बहीण."

मला पहिली गोष्ट सुचली ती ओठाची. म्हटलं, चीक लागला असेल, ओठ सुजला होता तो—

"हो. तोच."

"मला सांगायला हवं होतं तुम्ही."

"काय केलं असतंत? पानं कापली असतीत."

कापली असती. त्याच दिवशी कापली असती, आणि कात्री चिकाची म्हणून धुऊन ठेवली असती.

ताईंनीच तिला कसंबसं उठवलं. गेलो. यंत्रावर अर्ध्यात रक्तदाब कोसळला, थांबवावं लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या वेळी पाहू.

९ मे

आज मी हिच्या पेल्यावर राहिलो. दुकानात सगळ्यांदेखत, कुणाला न सांगता. पाऊण लिटर, खुणांप्रमाणे.

सकाळ ठीक गेली, मला वाटलं एवढं काय त्यात. जेवणानंतर जीभ टाळूला चिकटू लागली. एक गिऱ्हाईक मिठाईच्या दुकानाचा काटा घेऊन आलं होतं. बोलता बोलता त्याने बाटली काढली आणि वर तोंड करून प्यायला. त्याचा घसा वर-खाली होताना मी बघत होतो. तो काय विचारत होता ते मला पुन्हा विचारावं लागलं. काट्याचा शून्य काही केल्या जमेना. हात पिंपाकडे जात होता. पेला रिकामा झाला तेव्हा अजून उजेड होता. मी उठलो आणि पिंपाला तोंड लावून प्यायलो. हिला हे एक वर्ष झालं.

मग आत गेलो आणि तिला विचारलं, तहान कशी लागते.

तिने माझ्याकडे पाहिलं. बहुतेक मी थट्टा करतोय का ते बघत होती.

"घशातच लागते असं नाही," म्हणाली. "कानात लागते. तुम्ही आंघोळ करता ना, तेव्हा मी पुढच्या खोलीत जाऊन बसते. भांडी घासण्याचा आवाज नको वाटतो. स्वप्नात मी काही खात नाही, कुणाला भेटत नाही. नुसती पीत असते. आणि जाग येते ती तहानेनेच."

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही घाबरला होतात हो. त्या थंडीत मला उचललंत तेव्हा तुमचे हात कापत होते. म्हटलं, नळ खिशात ठेवून यांना झोप येत असेल तर येऊ दे."

मग स्वतःहूनच म्हणाली, "थेंबांनी वजन नाही वाढलं. मगातून प्यायचे. झाडाला दहा, मला एक. झाडाचं पाणी होतं, तुमच्या तक्त्यात नव्हतं. म्हणून चोरी नाही वाटली." आणि हसली. कितीतरी दिवसांनी.

मी म्हटलं, झाड उद्याच परत बोळात लावतो. तिथे थेंब येतील.

"नका. एकदा उपटलंत ते पुरे झालं त्याला."

"जपून उचलीन. एक मूळ दुखावणार नाही."

"मला माहीत आहे तुम्ही जपूनच उचलता," ती म्हणाली. "तरी आता नका. जिथे आहे तिथे राहू दे."

ती झाडाबद्दल बोलत नव्हती, हे लिहिता लिहिता कळलं.

१६ मे

या आठवड्याच्या तीन फेऱ्या झाल्या, तिन्ही अर्ध्यात सोडाव्या लागल्या. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावलं. हृदय दमलं आहे, यंत्र त्यालाच झेपत नाही. चालू ठेवायचं म्हटलं तर ठेवू, पण एखाद्या वेळी यंत्रावरच जातील. "काकूंचं म्हणणं तुम्हाला माहीत आहे. मला ते चुकीचं वाटत नाही, काका."

मी विचारलं, कुठला आकडा बघून तुम्ही हे म्हणता. त्यांनी सगळे आकडे दाखवले. आकडे बरोबर होते. मी दोनदा पाहिले.

"घरी किती दिवस?"

"थोडे. श्वासाचा त्रास होऊ नये म्हणून औषध देते. मी येऊन जाईन."

"आणि पाणी?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदा त्या मला वयाने खूप लहान दिसल्या. "आता त्यांना विचारून द्या," म्हणाल्या.

रिक्षात ही माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती. मी म्हटलं, परत जायचं नाही. ती म्हणाली, "खरं?" जणू मी तिला काहीतरी बक्षीस आणलंय. मी बाहेर बघत राहिलो. रस्त्यावर कोण होतं, काय होतं, काही आठवत नाही.

१९ मे

आडवं पडवत नाही, म्हणून दुकानातली आरामखुर्ची आत आणली आणि उशा लावून तिला बसवलं. ताईंनी केस विंचरून दिले. दुकान बंद आहे. पाटी लावली नाही, लोक शटर वाजवून जातात.

नळाची मूठ बसवली. पिंप जागेवर आणलं. काचेचा मोठा पेला धुतला, त्याला खूण नाही. भरून तिच्यापुढे धरला.

तिने दोन्ही हातांनी घेतला पण प्यायली नाही. "किती?" विचारलं.

"पी तू."

"अहो, पण किती?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. या घरात हे वाक्य मी कधी म्हटल्याचं ताईंनाही आठवत नसेल. त्यांनी तोंड फिरवलं.

मग प्यायली. आधी भीतभीत, माझ्याकडे बघत. मग डोळे मिटून. पाणी हनुवटीवरून ओघळलं, गळ्यावर आलं, तिने पुसलं नाही. मधे थांबायची, धाप टाकायची, पुन्हा लावायची. घटाघट आवाज येत होता आणि मी ऐकत होतो. पेला संपला, मी दुसरा भरला. तोही अर्ध्यावर आला. पाणी गोड लागतंय म्हणाली. ताई म्हणाल्या, कालपण हेच होतं गं, आणि दोघी बहिणी हसल्या.

मी पुन्हा भरायला तांब्या वाकवला. तिने पेल्याच्या तोंडावर तळवा ठेवला.

"पुरे," म्हणाली.

वर्षभर हा शब्द मी रोज तिला म्हणत आलो. तिच्या तोंडून आज ऐकला. तांब्या हातात घेऊन मी तिथेच बसून राहिलो. किती प्यायली ते मोजलं नाही.